दोन्ही बाजूंनी उघडणारं पुस्तक

बाबा, तुमचं पुस्तक सापडलं. कलकत्त्यालाच आहे ते, तुम्ही म्हणायचात तसं. पानं पिवळी पडलीत, कोपरे ठिसूळ झालेत, पण एकही पान गेलेलं नाही. तुम्हाला जाऊन तीस वर्षं उलटून गेली, आता ही बातमी कळवून काय होणार हे मलाही समजतं. पण हदगावच्या तहसील कचेरीसमोर ज्यांनी ज्यांनी तुमची चेष्टा केली त्यांच्यातलंही आता कोणी उरलं नाही. घरात सांगायला गेले तर नातू म्हणाला, आजी, कुठलं पुस्तक? तेव्हा तुम्हालाच लिहायला बसले. लातूरच्या घरात दुपार आहे, बाहेर कोणी बोअरवाला तासाभरापासून मशीन चालवतोय, आणि माझ्यासमोर तुमच्या पुस्तकाच्या झेरॉक्सचा गठ्ठा आहे.

तुम्ही अर्जनवीस होतात हे आता लोकांना फोड करून सांगावं लागतं. कचेरीच्या फाटकासमोर, पत्र्याच्या आडोशाला, उलट्या खोक्यावर बसून, दुसऱ्यांचे अर्ज लिहून देणारा माणूस. तुमची शाळा निजामाच्या राज्यातली, म्हणजे उर्दूतली. निजामी गेली, कचेरी मराठी झाली, तुम्ही विशीत पुन्हा नव्यानं मराठी लिहायला शिकलात. पण जमिनीचे जुने कागद उर्दूतच राहिले आणि मराठी झालेली कचेरीसुद्धा निम्मी उर्दूच बोलत राहिली. मिसल, काबिज, नाबालिग, फौत, मुलतवी. शेतकऱ्याला कचेरीचं कळायचं नाही आणि पुणे-साताऱ्याकडून आलेल्या कारकुनाला शेतकऱ्याचं. मध्ये तुम्ही बसलेले.

तुमचा एक नेम होता. अर्ज लिहून झाला की तो समोरच्या माणसाला त्याच्या बोलीत वाचून दाखवायचा, एकेक शब्द फोडून, आणि त्यानं मान हलवल्याशिवाय शाईचा पॅड पुढं करायचा नाही. समजल्याबिगर अंगठा न्हाई, असं तुम्ही म्हणायचात. लोक वैतागायचे, त्यांना बस गाठायची असायची. मी नववीत असेन, तुमचा डबा घेऊन आले होते आणि तुमच्यासमोर एक म्हातारी बसली होती. तिच्या दिरानं तिच्या शेताची हद्द मोडली, असा तो अर्ज. तुम्ही वाचता वाचता थांबता आणि तिला विचारता, "हद्द म्हंजी तुझा धुरा, माय. दिरानं धुरा फोडला असं लिव्हलंय म्या. फोडला का कोरला?" ती म्हणते, फोडला न्हाई, दरसाल थोडा थोडा कोरून राहिला. तुम्ही लिहिलेला कागद फाडता आणि नवा घेता. मी तिथं उभी, डबा गार होतोय, कपाळावर आठ्या. एवढ्याशा शब्दासाठी अख्खा अर्ज पुन्हा लिहायची काय गरज, असं मी घरी आल्यावर आईला म्हटलं होतं. आई म्हणाली, त्याहिला सांग की. मी कुठली सांगतेय.

त्या नेमातूनच तुमची वही झाली. कचेरीतला शब्द डावीकडं, आणि लोकांना तुम्ही तो जसा फोडून सांगत होता तसा उजवीकडं. सहा-सात वर्षं तुम्ही ती लिहीत होतात. लांब, दोऱ्यानं शिवलेली वही, अक्षर तिरकं, काना-मात्रा कुठंही. त्याचं पुस्तक करायचं तुमच्या मनात आलं ते नांदेडच्या एका छापखानेवाल्याशी ओळख झाल्यावर. तो म्हणाला, हस्तलिखित स्वच्छ हवं, आमचा कंपोझिटर हे वाचणार नाही. आणि स्वच्छ अक्षर घरात माझ्या एकटीचंच होतं.

मी तेव्हा अकरावीत होते, बाबा, आणि नांदेडला कॉलेजात जायला लागले होते. आमच्या मराठीच्या बाई देशावरच्या होत्या. त्यांनी पहिल्या निबंधावर माझ्या "लई" भोवती लाल गोल काढला आणि तो वर्गाला वाचून दाखवला. वर्ग हसला. त्या दिवसापासून मी माझी जीभ घासून पुसून लख्ख करायला घेतली. सहा महिन्यांत माझ्या तोंडून "न्हाई" जाऊन "नाही" आलं, "हाव" जाऊन "हो" आलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा तुम्ही ती वही माझ्या हातात दिलीत. म्हणालात, माय, जसंच्या तसं उतरव, फक्त अक्षर तुझं.

मी जसंच्या तसं उतरवलं नाही. हे तुम्हाला माहीत होतं की नाही, याचा घोर मी किती वर्षं बाळगला ते आता मोजवत नाही. पण काय केलं ते एकदा मला स्पष्ट लिहायचंच आहे. हद्द या शब्दापुढं तुम्ही लिहिलं होतं, धुरा. मी लिहिलं, सीमारेषा. काबिज म्हणजे जमीन ज्याच्या ताब्यात आहे तो. तुम्ही लिहिलं होतं, वाहून राहिला तो. मी लिहिलं, भोगवटादार. मुलतवीपुढं तुमचं होतं, आज जा, मंग ये. मला त्याचं हसू आलं होतं हे आठवतं, तरी मी स्थगित लिहिलं. सगळी वही मी अशी चाळून, पाखडून, निवडून काढली. तुमचं खडे म्हणून टाकलं आणि माझं तांदूळ म्हणून ठेवलं. आठ दिवस रोज सकाळी ओसरीवर बसून हे काम केलं आणि माझ्या मनात जराही पाप नव्हतं. मी तुमची लाज राखते आहे, असंच मला वाटत होतं. नांदेडला छापलेलं पुस्तक आमच्या बाईंच्या हातात गेलं तर, एवढाच विचार होता.

तुम्ही स्वच्छ प्रत वाचलीत ती संध्याकाळी, अंगणात खाट टाकून. मी स्वयंपाकघरात आईजवळ बसले होते, कान तुमच्याकडं. पानं उलटल्याचा आवाज येत होता. मग तुम्ही हाक मारलीत. नाबालिग म्हणजे वयात न आलेलं मूल, त्यापुढं तुम्ही लिहिलं होतं, ज्याची सही चालत न्हाई असं लेकरू. आणि मी लिहिलं होतं, अज्ञान. तोच सरकारी शब्द आहे, आजही आहे.

"माय, लेकरू अज्ञान कसं आसंल?" तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, कायद्यात तसंच म्हणतात, शुद्ध मराठीत तसंच आहे. तुम्ही पुढं पान उलटलंत. मग म्हणालात, "आन् धुरा म्हणत न्हाईत का तिकडं?"

मी म्हटलं, नाही, बाबा, ते गावठी आहे.

तुम्ही ती स्वच्छ प्रत मिटलीत आणि म्हणालात, बरं, तुला जास्त समजतं. मी ती शाबासकी समजले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी आज ते वाक्य कानात येतं तेव्हा त्यात शाबासकी नव्हती हे ऐकू येतं, आणि रागही नव्हता. थकलेला माणूस ओझं जरा वेळ खाली ठेवतो, तसा काहीसा तो आवाज होता.

याच्यापुढचं लिहायला जड जातंय. दुसऱ्या दिवशी अंघोळीचं पाणी तापत होतं तेव्हा तुमची मूळ वही मी चुलीत घातली. कोणी ताडून पाहू नये म्हणून. छापखान्यात दोन्ही गेल्या आणि कंपोझिटरनं चुकून तुमचीच लावली तर, ही भीती होती. चार दिवसांनी तुम्ही वही विचारलीत. मी म्हटलं, रद्दीत गेली असेल, उतरवून झाल्यावर मी लक्ष दिलं नाही. तुम्ही माळ्यावर पाहिलंत, आईच्या पेटीत पाहिलंत, गोठ्यातसुद्धा पाहून आलात. मग शोधायचं सोडलंत.

आणि त्यानंतर तुम्ही ते उर्दूचं काढलंत. आधी पुस्तक निव्वळ मराठीच व्हायचं होतं, हे मला पक्कं आठवतं. अचानक तुम्ही म्हणू लागलात की त्याला उर्दू बाजूही पाहिजे. रोज कचेरीतून आल्यावर कंदील लागेपर्यंत तुम्ही उजवीकडून डावीकडं लिहीत बसायचात. हे चार-पाच महिने चाललं. छापखानेवाल्याला म्हणालात, मराठी डावीकडून सुरू होऊ द्या, उर्दू उजवीकडून, आणि दोन्ही मध्ये येऊन भेटू द्या. नांदेडच्या जुन्या गावात एक म्हातारे कातिब होते, सुंदर अक्षरात उर्दू मजकूर लिहून देणारे. ते कागदावर लिहायचे आणि मग ते छापलं जायचं. त्यांच्याकडं तुमच्या दर रविवारी खेपा सुरू झाल्या. मी चिडायचे. आता उर्दू वाचतंय कोण, असं मी तुम्हाला तोंडावर म्हटलं. तुम्ही म्हणालात, कोणीतरी वाचंल की. एकदा मला अलिफ-बे शिकवतो म्हणालात तर मी अभ्यासाचं कारण काढून उठून गेले.

पुस्तक छापून आलं तेव्हा तुमच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र अस्सल होतं. छापखानेवाल्यानं सांगितलं होतं की कायद्यानं प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कलकत्त्याच्या मोठ्या सरकारी ग्रंथालयात जावी लागते, आणि ती तो पाठवणार होता. तुम्ही म्हणालात, मी पाठवतो. आईच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून, वर खाकी कागद लावून, सुतळीनं बांधून तुम्ही ते पोस्टात स्वतः नेलंत. पोचल्याचं कार्ड आलं ते तुम्ही खिशात घेऊन फिरलात. कचेरीसमोरचा चहावाला तुम्हाला छेडायचा, पुस्तक तर कलकत्त्याला गेलं, तुम्ही कवा जाता? तुम्ही म्हणायचात, त्ये गेलं म्हंजी म्या गेलो. बाकीच्या प्रती तुम्ही आल्यागेल्याला वाटल्यात. उरलेल्या पत्र्याच्या पेटीत होत्या. तुमच्यामागं घर वर्षभर बंद राहिलं आणि पेटी उघडली तेव्हा आत मातीचं ढेकूळ आणि वाळवी. तेव्हा मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं.

मग मी लातूरला बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. किती पोरांच्या "लई" भोवती मी लाल गोल काढले असतील. निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि गेल्या पावसाळ्यात उदगीरकडची एक मुलगी घरी आली. तिच्या बोलण्यात मधूनमधून कानडी यायचं आणि ती ते मुळीच लपवत नव्हती. आपल्याकडच्या शेताचे, जमिनीचे, कोर्टकचेरीचे जुने शब्द ती पीएच.डी.साठी गोळा करत होती. तिला कोणीतरी सांगितलं होतं की हदगावच्या एका अर्जनवीसानं असा एक कोश केला होता आणि तो माझ्या माहेरचा. तिनं वही उघडली, पेन धरलं आणि माझ्याकडं बघत बसली. मी आठवायला लागले. धुरा आठवला. वाहून राहिला आठवलं. आज जा, मंग ये आठवलं. मोजून अकरा शब्द निघाले, बाबा. तुमच्या वहीत किती होते? चारशे तरी असतील. ती मुलगी नम्रपणे म्हणाली, अजून काही आठवलं तर फोन करा, मॅडम. ती गेल्यावर मी दार लावलं आणि तिथंच खुर्चीत बसले. ते चारशे शब्द जगात दुसरीकडं कुठं नव्हते. जिथं होते ते मी जाळले होते, आणि जे छापलं गेलं ते माझं होतं, नाहीतर मला न येणारं उर्दू. तरीही निदान तेवढं तरी पाहावं, त्यावरून तुमचे शब्द आठवतील, सीमारेषेवरून धुरा आठवला तसे, या आशेनं मी कलकत्त्याला जायचं ठरवलं. मुलगा म्हणाला, या वयात एकटी? मी म्हटलं, पुस्तक एकटंच गेलं होतं.

नांदेडहून किनवटच्या रानातून नागपूर, आणि तिथून पुढं हावडा. तिथलं ग्रंथालय म्हणजे केवढं मोठं आवार, बाबा, आपल्या हदगावचा अख्खा बाजार आत बसेल. फाटकावर ओळखपत्र पाहतात, पिशवी जमा करून घेतात, अर्ज भरून वाचकाचं कार्ड काढावं लागतं. तो अर्ज मी स्वतः वाचला, मग सही केली, आणि तुमच्या नेमाची आठवण येऊन एकटीच हसले. प्रत्येक भाषेचा विभाग निराळा आहे. आत शांतता, लांब टेबलं, आणि माना खाली घालून बसलेली माणसं. कोणी कोणाकडं बघत नाही. पुस्तक मागायची चिठ्ठी भरायची आणि वाट पाहायची.

मराठी विभागात मी तुमचं नाव सांगितलं. नोंद नव्हती. पुस्तकाच्या नावानं पाहिलं, नाही. छापखान्याच्या नावानं पाहिलं, नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिथल्या बाई धीराच्या होत्या, त्यांनी मला पुस्तक कसं दिसतं ते सांगायला लावलं. मी सांगितलं की ते दोन्ही बाजूंनी उघडतं. त्यांनी विचारलं, पाठवणाऱ्यानं पहिली बाजू कुठली धरली होती? आणि मला पोस्टातलं ते पार्सल डोळ्यांसमोर दिसलं. तुम्ही खाकी कागदावर पत्ता इंग्रजीत घालून घेतला होता, पण पुस्तकासोबतची चिठ्ठी तुम्ही स्वतः लिहिली होती आणि ती उर्दूत होती. माझ्या समोर बसून लिहिली होती. मी उर्दू विभागात गेले आणि तासाभरात पुस्तक माझ्या पुढ्यात आलं.

मी ते डावीकडून उघडलं. माझंच मराठी. सीमारेषा, भोगवटादार, स्थगित, अज्ञान. तीन पानं वाचली आणि पुढं वाचवेना. काही आठवतही नव्हतं. तुमचे शब्द मी इतके नीट पुसले होते की खाली ओरखडासुद्धा राहिला नव्हता. मी बत्तीस वर्षांची मास्तरीण, दुसऱ्याचं लिहिणं वाचून त्याच्या मनातलं ओळखणारी, आणि माझ्याच हाताखालचं मला ओळखता येईना. मी पुस्तक मिटलं आणि परत द्यायला काउंटरवर नेलं.

काउंटरवरचे गृहस्थ चाळिशीचे असतील, मूळचे बिहारकडचे. त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि सवयीनं उजवीकडून उघडलं. वाचू लागले, आणि कपाळाला आठी पडली. मला म्हणाले की अक्षर उर्दू आहे, पण भाषा उर्दू नाही. शब्द उर्दू, आणि त्याचा अर्थ कुठल्या तरी भलत्याच भाषेत. मी म्हटलं, वाचा बरं. त्यांनी वाचलं, हद्द, आणि पुढं अडखळले. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत म्हणे, वाचणाऱ्यानं ते आपल्या माहितीनं भरायचे. ते म्हणाले, धरा? धिरा?

मी काउंटरवर पुढं वाकले. मी म्हटलं, धुरा.

त्यांनी पुढचं वाचलं. काबिज, वाहोन राहला तो. मी म्हटलं, वाहून राहिला तो. मुलतवी, आज जा, मंग ये. हे त्यांना कळलं आणि ते हसले, म्हणाले, हे तर आमच्याकडच्या कचेरीतही असंच आहे. नाबालिगपुढं ते लेकरू होतं, सही न चालणारं. तुम्ही सगळं पुन्हा लिहिलं होतं, बाबा. वही गेल्यावर तुम्ही ती डोक्यातून पुन्हा लिहिली होतीत, शब्द तुमचे, बोली तुमची, जशीच्या तशी, आणि माझी लाल पेन्सिल जिथं पोचूच शकणार नाही अशा अक्षरांत. माझ्या डोळ्यांदेखत लिहिली होतीत. मी पाणी द्यायला यायचे तेव्हा ती तुमच्या मांडीवर उघडी असायची.

त्या गृहस्थांनी एक खुर्ची ओढून दिली. गर्दी नव्हती. त्यांना अक्षर वाचता येत होतं, अर्थ कळत नव्हता. मला अर्थ कळत होता, अक्षर वाचता येत नव्हतं. आम्ही दोघं मिळून एक धड वाचक झालो. ते बोलायचे, मी दुरुस्त करायची, आणि यावेळी दुरुस्ती तुमच्याकडं नेणारी होती. एका शब्दाला ते पार गोंधळले. फौत म्हणजे मेलेला, हे त्यांना माहीत होतं. पण पुढं ते वाचत होते, गीला, पन नाव कागदावर हाय. हिंदीत गीला म्हणजे ओला, नाव म्हणजे होडी, आणि हाय म्हणजे हाय हाय. ते मला गंभीरपणे म्हणाले, हा शेर आहे का? ओली होडी, कागदावरची, हाय! मी आधी हसले. मग त्यांना सांगायला गेले की गीला नाही, गेला, म्हणजे चला गया, नाव म्हणजे नाम, गेला पण नाव अजून कागदावर आहे. ते सांगता सांगता मला पाणी प्यायला बाहेर जावं लागलं. मराठी बाजूला तिथं मी मृत लिहून ठेवलं होतं.

तीन दिवस आम्ही वाचलं. ते त्यांचं काम सांभाळून दिवसातून तीन-चार वेळा अर्धा-पाऊण तास काढायचे आणि मी लिहून घ्यायची. चारशे अठरा शब्द भरले. उदगीरच्या मुलीला मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, मॅडम, लई मोठं काम केलंत. मी तो "लई" ऐकला आणि मला तो फार गोड लागला. तिला मी सगळं खरं सांगितलंय, जाळल्याचंसुद्धा. तिनं ते छापलं तरी माझी ना नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही सुरुवातीला आलो, म्हणजे उर्दू बाजूचं पहिलं पान. आधी आम्ही ते सोडून थेट शब्दांवर गेलो होतो. चार ओळींचं तुमचं मनोगत होतं, आणि ते खरोखरीच्या उर्दूत होतं, म्हणून त्यांना ते भराभर वाचता आलं आणि मलाही कळत गेलं. तुम्ही लिहिलं होतं की या किताबाची मराठी बाजू माझ्या मुलीनं नीट केली आहे. ती शिकलेली आहे आणि साहेब लोकांशी तसंच बोलावं लागतं, म्हणून ती बाजू साहेबांना दाखवावी. ही बाजू आम्ही आपसांत जसं बोलतो तशी ठेवली आहे. दोन्हींत कुठं फरक दिसला तर मुलीची चूक समजू नये, तिला मीच तसं सांगितलं होतं.

तुम्ही मला तसं सांगितलं नव्हतं, बाबा. तुम्ही मला जसंच्या तसं उतरव म्हणाला होतात. छापून, बांधून, सरकारी ग्रंथालयात ठेवायच्या पुस्तकात तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहिलंत. उभं आयुष्य एका शब्दासाठी अर्ज फाडणारा माणूस. आणि ते अशा अक्षरांत लिहिलंत की तुमच्या हयातीत मी तुम्हाला त्याबद्दल काही बोलूही शकले नाही.

त्या गृहस्थांनी पुस्तक खाली ठेवलं. मी आल्यापासून त्यांना एवढंच सांगितलं होतं की मी लातूरची निवृत्त शिक्षिका आहे आणि जुन्या शब्दांचं काम करते आहे. ते म्हणाले, आप तो उसी इलाके की हैं, ये बेटी कौन थी, कुछ पता है?

मी म्हटलं, नहीं.

ते पान पुन्हा पाहत म्हणाले, "पढ़ी-लिखी रही होगी।"

मी म्हटलं, "हाँ, बस उतनीच थी।"